आईची सही कोणी घेतली?

ए-३०१: नमस्कार. काल दुपारी आम्ही दोघं ड्युटीवर असताना आमच्या आईची कसल्यातरी कागदावर सही घेतली गेली. आईचं वय ८१. कोणी घेतली आणि कशासाठी, खुलासा व्हावा. नाव घेत नाही. सगळ्यांना माहिती आहे.

अण्णा सी-१०२: फ्लॅट लिहून घेतला की काय बे 😄

ए-३०१: अण्णा, चेष्टेचा विषय नाही हा.

ए-४०४: 🙏 आज संध्याकाळी पाणी सुटणार. नळाला डायरेक्ट मोटर लावू नये.

श्रुती बी-२०४: काका, सॉरी. मीच घेतली. ते संमतीपत्र आहे. मी दोन महिने लोकपरंपरेच्या संग्रहात इंटर्न आहे ना, तिथलं. आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, बिड्या वळताना बायका म्हणायच्या ती गाणी म्हटली, मग तासभर गप्पा. संमतीपत्राशिवाय रेकॉर्डिंग जमाच करून घेत नाहीत. मी वाचून दाखवलं, आजींनी चष्मा लावून परत वाचलं.

ए-३०१: घरातल्या कर्त्या माणसाला विचारायची पद्धत असते.

मास्तर बी-४०१: आवाज आईंचा, मग सही पण आईंचीच लागणार की ओ.

काकू ए-१०३: तासभर गप्पा? आमच्याकडं आली तेव्हा वीस मिनिटांत उठली. माझी हादग्याची गाणी चालली नसतील. असू दे.

श्रुती बी-२०४: काकू तसं नाही ओ 🙏 तुमच्या रेकॉर्डिंगवर मागं पंपाचा आवाज आहे, आणि तीन शिट्ट्या. परत येणार आहे. तेवढा कुकर आधी उतरवून ठेवा.

काकू ए-१०३: पंप आमचा नव्हता. कुणाचा ते सगळ्यांना माहिती आहे.

ए-४०४: म्हणूनच सांगायलोय. नळाला डायरेक्ट मोटर लावू नये.

मास्तर बी-४०१: माझ्याकडं बोट असेल तर नाव घेऊन बोला. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, भरायचं नाही का माणसानं?

अण्णा सी-१०२: श्रुती, पगार किती देतात?

श्रुती बी-२०४: जाण्यायेण्याचा खर्च.

अण्णा सी-१०२: मग बिड्या वळलेल्या बऱ्या 😂

बी-१०१: अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९२८ पासून लोकगीतांचा संग्रह आहे. आमचा मुलगा तिथून दीड तासावर राहतो.

अण्णा सी-१०२: मग त्याला मोटर बंद करायला सांगा.

मास्तर बी-४०१: अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, बाईच्या नावागावासकट. गिरणी आली, जातं गेलं. पहाटे दळताना बाई जे बोलायची ते नवऱ्यापुढं बोलत नव्हती, दगडापुढं बोलायची. माझी आई म्हणायची. मला एक ओळ आठवत नाही.

सी-३०३: सोलापुरात नुसत्या मराठी ओव्या घेऊन कसं चालेल? आमच्या पद्मशाली बायकांची बतुकम्मा सणाची तेलुगू गाणी आहेत. कानडी आहेत. इथं कुणी विचारलं नाही.

श्रुती बी-२०४: काका, तुमच्या आईंचंच नाव यादीत पहिलं आहे. त्या मुलीकडं गेल्यात म्हणून थांबलेय.

सी-३०३: बरं. रविवारी येणार आहे आई.

अण्णा सी-१०२: आता सिरियस. माझ्या माळ्यावर तीसेक कॅसेटी आहेत. सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेच्या. वडिलांनी नंदीध्वजांची मिरवणूक रेकॉर्ड केलेली, अक्षता पडतानाचा गलका आहे त्यात. एकीवर पोरानं सिनेमाची गाणी भरली, तेव्हा फोडून काढला होता त्याला. आज लावून बघतो.

श्रुती बी-२०४: अण्णा लावू नका!!! बुरशी असेल तर टेप अडकून तुटते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, तेवढ्या मोडा, म्हणजे त्यावर परत काही भरलं जात नाही. कव्हरवर वडिलांचं अक्षर असेल तर पुसू नका. कुठली तारीख, कुठला चौक, कुणाचा आवाज हे नसलं तर नुसता गोंगाट राहतो. माझं निम्मं काम तेच आहे, नावं लिहीत बसायचं.

अण्णा सी-१०२: वडील गेले. चौक मी सांगतो ना. आवाजावरून सांगतो.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की सदर ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच आहे. क्लब हाऊस रेकॉर्डिंगसाठी हवे असल्यास लेखी अर्ज द्यावा.

काकू ए-१०३: वाढदिवसाच्या डीजेला अर्ज होता का?

सेक्रेटरी: 🙏

मिसेस ए-३०१: तासभर गप्पा म्हणजे नेमक्या कशाच्या? ते रेकॉर्डिंग आज मला पाठव श्रुती.

श्रुती बी-२०४: काकू, ते मला देता येत नाही ओ. आजींनी कागदावर लिहून दिलंय तसंच करावं लागतं.

मिसेस ए-३०१: माझ्या घरात बसून माझ्याबद्दल बोलायचं आणि मलाच ऐकवायचं नाही?

मास्तर बी-४०१: तुमच्याबद्दल आहे असं कोण म्हणालं वहिनी?

अण्णा सी-१०२: 🤐

ए-३०१: मास्तर, घरगुती विषय आहे. थांबा.

काकू ए-१०३: ग्रुपवर आणला कुणी?

ए-४०४: पाणी सात वाजता सुटणार. नळाला डायरेक्ट मोटर लावू नये.

ए-३०१: (आईच्या सांगण्यावरून मुलगा टाइप करतोय) “मी आजी बोलते. सही मी केली. सातवी पास आहे. कागदावर तीन चौकोन होते. सगळ्यांना खुलं, फक्त अभ्यासकांना, आणि ठरावीक काळ बंद. ओव्या सगळ्यांना खुल्या केल्या. गप्पा मी जिवंत असेतो बंद. पोरीला त्रास देऊ नका. शुक्रवारी परत ये, डोहाळ्याच्या राहिल्यात. चहा मी करते.”

अण्णा सी-१०२: आजी 🙏🙏

मिसेस ए-३०१ यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.

मिसेस ए-३०१: शुक्रवारी माझी सुट्टी आहे. चहा मी करीन.

श्रुती बी-२०४: चालेल काकू. फक्त रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत आजी आणि मीच बसतो.

ए-४०४: पाणी आलं.

काकू ए-१०३: कोणीतरी मोटर लावलीय बरं का. आमच्याकडं धार गेली.

अण्णा सी-१०२: श्रुती, हा आवाज पण रेकॉर्ड कर बे. चौक मी सांगतो. बी विंग, चौथा मजला.