चिकोडीतल्या वजनकाट्यावरचा जुना व्हीबी ६ प्रोग्रॅम बेळगावात बसून डिबग कसा करू?

काटेवाला: मंडळी, सल्ला हवाय. चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधला जुना प्रोग्रॅम चालतो. लिहिणारा केव्हाच सोडून गेला, पण सोर्स माझ्याकडं आहे. मशीन विंडोज ७, ३२ बिट. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) कॉम १ या सिरियल पोर्टला. ट्रॉली काट्यावर उभी असतानाच कधीतरी सगळं 'नॉट रिस्पॉन्डिंग'. ऑपरेटर फोनवर "निंतुबिट्टिदे सार" (थांबलंय साहेब) एवढंच सांगतो आणि मी पुढचं विचारेपर्यंत त्यानं मशीन रीस्टार्टही केलेलं असतं. माझ्या पीसीवर हा प्रोग्रॅम कधी अडकतच नाही. घरून डिबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत बघायचं साधन) जोडता येईल का? स्क्रीन शेअर करून बघितली, पण आत कुठं अडकलंय ते त्यात काय दिसणार? दोन्हीकडं साधं ब्रॉडबँड, पब्लिक आयपी नाही.

खानापुरी: व्हीबी ६ च्या आयडीईला (ज्यात कोड लिहितो त्या सॉफ्टवेअरला) दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्रॅम धरता येत नाही, त्या वाटेला जाऊ नका. विनडीबीजी (मायक्रोसॉफ्टचा डिबगर) वापरा. आधी प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये कंपाईल टॅबवर नेटिव्ह कोड, नो ऑप्टिमायझेशन आणि 'क्रिएट सिम्बॉलिक डिबग इन्फो' निवडून एक्सई नव्यानं बनवा. पी-कोड (व्हीबीचा रनटाइम वाचून चालवतो तो मधला कोड) ठेवलात तर स्टॅकवर (कुठल्या फंक्शननं कुठलं बोलावलं त्या यादीत) तुमच्या फंक्शनची नावं दिसणार नाहीत. त्याच बिल्डची पीडीबी फाईल (सिम्बॉल, म्हणजे फंक्शनची नावं-पत्ते, तिच्यात असतात) जपून ठेवा; उद्या परत कंपाईल केलंत की जुनी पीडीबी नव्या एक्सईला चालत नाही.

कारखान्याच्या मशीनवर डिबगिंग टूल्समधला डीबीजीएसआरव्ही हा छोटा सर्व्हर एखाद्या टीसीपी पोर्टवर चालू करायचा आणि घरच्या विनडीबीजीतून 'प्रीमोट' या पर्यायानं त्याला जोडायचं. दोन्हीकडं टूल्सची आवृत्ती एकच ठेवा. या पद्धतीत सिम्बॉल तुमच्याच पीसीवरून वाचले जातात, सोर्स कारखान्यात न्यायला नको. मात्र लाईनवर डेटा बराच जातो. लाईन मंद असेल तर डिबगरच तिकडं चालवून 'रिमोट' या पर्यायानं जोडा, मग नुसता मजकूर ये-जा करतो. पण पीडीबी तिकडं ठेवावी लागेल.

पब्लिक आयपी नाही म्हणजे दोन्ही बाजू एका व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरच्या खाजगी नेटवर्कमध्ये) घ्या. राउटरवर पोर्ट उघडू नका, हे हात जोडून सांगतो. त्या पोर्टला पासवर्ड देता येतो, पण संवाद एन्क्रिप्ट होत नाही, आणि डिबगर जोडला की समोरचा त्या मशीनवर पाहिजे ते करू शकतो. त्यात विंडोज ७ ला २०२० पासून नियमित सुरक्षा अपडेट नाहीत.

निपाणीकर: सगळं बरोबर, पण दादा, सीझन चालू आहे की! ब्रेकपॉइंट लागला की अख्खा प्रोग्रॅम थांबतो. इंडिकेटर मात्र वजन पाठवतच राहतो, एमएसकॉमचा (व्हीबीत सिरियल पोर्ट वाचणाऱ्या कंट्रोलचा) इनपुट बफर मुळात १०२४ बाइटचा, तो भरून वाहतो आणि तुम्हाला दुसरीच चूक दिसायला लागते. बाहेर बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग, ते वेगळंच.

माझं ऐका, आधी डंप (त्या क्षणीच्या प्रोग्रॅमच्या मेमरीची फाईल) घ्या. ऑपरेटरला सांगा, अडकलं की रीस्टार्ट करायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसवर राईट क्लिक करून 'क्रिएट डम्प फाईल'. कन्नडमध्ये कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, फोनवर सांगत बसू नका. ती फाईल घरी विनडीबीजीत उघडा आणि पहिला स्टॅक बघा.

काटेवाला: दोघांचेही आभार. सिम्बॉलवाली एक्सई टाकली, कागद चिकटवला आणि डंप मिळाला. मेन थ्रेडच्या स्टॅकवर खाली आमचं पावती छापायचं फंक्शन, त्यावर विनस्पूल (विंडोजचा छपाईचा भाग) आणि आरपीसी (दुसऱ्या प्रोसेसला किंवा मशीनला काम सांगायची सोय). म्हणजे काट्याशी संबंधच नाही, गडी प्रिंटरची वाट बघत बसलाय! डीफॉल्ट प्रिंटर हिशेब खात्यातल्या पीसीवरचा शेअर केलेला आहे आणि तिथले लोक घरी जाताना तो पीसी बंद करतात. माझ्याकडं प्रिंटर थेट जोडलेला, मग मला कसं सापडणार?

निपाणीकर: काट्यापाशी एक डॉट मॅट्रिक्स थेट लावून द्या आणि तोच डीफॉल्ट करा. छपाईचा कोड सीझन संपल्यावर बघा.

खानापुरी: तोवर व्हीपीएन तेवढं चालू ठेवा, डीबीजीएसआरव्ही मात्र बंद. लागेल तेव्हा ऑपरेटरला सांगून चालू करायचा.