कमिटमधले बंद पडलेले ईमेल पत्ते: इतिहास पुन्हा लिहायचा की मेलमॅप ठेवायची?

अर्धविराम

नोकरी सुटली की कंपनीचा ईमेल जातो, शिक्षण संपलं की कॉलेजचा. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात मात्र तो कायमचा राहतो, कारण लेखकाचं नाव, ईमेल आणि वेळ कमिटच्या, म्हणजे बदलाच्या एकेका नोंदीच्या, आतच असतात आणि हॅश, म्हणजे त्या नोंदीची ओळख सांगणारा आकडा, त्या सगळ्यावरून निघतो. बरीच वर्षं चाललेल्या प्रकल्पात गिट शॉर्टलॉग, म्हणजे कुणाचे किती कमिट ते सांगणारी कमांड, ईमेल दाखवणारा -e पर्याय देऊन चालवून बघा. एकच माणूस तीन पत्त्यांमुळे तीन वेगळी माणसं म्हणून मोजलेला दिसेल, आणि त्यातल्या एखाद्याच पत्त्यावर पत्र पोचेल.

माझं मत असं की इतिहासाला हात लावू नये. रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या गिट साठ्याच्या, सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये .मेलमॅप (.mailmap) फाइल ठेवावी आणि ती नीट राखणं हे मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, आपलं नेहमीचं काम मानावं. एका जुन्या पत्त्याला एक ओळ पुरते:

नाव <आजचा पत्ता> <कमिटमधला जुना पत्ता>

शॉर्टलॉग आणि ब्लेम (कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) ही फाइल आपणहून वाचतात. २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून कमिटची यादी दाखवणारं गिट लॉगसुद्धा वाचतं. कमिट आहे तसंच राहतं, फक्त दाखवताना आजचा पत्ता दिसतो. मूळ नोंदच पाहायची असेल तर नो-मेलमॅप हा पर्याय आहे. लिनक्स कर्नलसारखा अवाढव्य प्रकल्प याच पद्धतीने चालतो. इतकी साधी सोय हाताशी असून कितीतरी प्रकल्पांत ही फाइलच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी काम केलं त्यांचं श्रेय आपण विखरून ठेवतोय.

खाडाखोड

असहमत. जुना पत्ता कमिटमध्ये तर राहतोच, शिवाय या फाइलमध्ये तो नव्या पत्त्याच्या शेजारी, जगाला दिसेल असा पुन्हा लिहिला जातो. कुणी छळाला कंटाळून पत्ता बदललेला असतो. एखाद्या ट्रान्स व्यक्तीने नाव बदललेलं असतं. त्यांच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे जुनी आणि नवी ओळख जोडून देणारा पुरावा झाला.

इतिहास पुन्हा लिहिणाऱ्या गिट फिल्टर-रेपो या साधनाला हीच मेलमॅप दिली तर तो सगळे कमिट नव्या पत्त्याने लिहून काढतो. एकदा त्रास होईल, होऊ दे. माणूस म्हणतोय की माझा जुना पत्ता काढा, तर काढायला हवा.

तळटीप

@खाडाखोड, तो त्रास कुणाकुणाला होतो ते बघा. एका जुन्या कमिटमधला पत्ता बदलला की त्याचा हॅश बदलतो. पुढच्या कमिटमध्ये मागच्याचा हॅश असतो, म्हणून तोही बदलतो, आणि असं थेट शाखेच्या टोकापर्यंत. त्या कमिटवरच्या आणि टॅगवरच्या (आवृत्तीला दिलेल्या नावावरच्या) डिजिटल सह्या निकामी होतात. बगच्या नोंदीत लिहिलेले हॅश नव्या इतिहासात सापडत नाहीत. दुसऱ्या प्रकल्पाने सबमॉड्यूल (आपल्या रेपोत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून तुमचा एखादा कमिट पकडून ठेवला असेल, तर त्यांचं बिल्ड मोडायची वेळ येते.

एवढं करूनही ज्यांनी आधी क्लोन, म्हणजे सगळ्या इतिहासासकट रेपोची नक्कल, केलंय त्यांच्याकडे जुना पत्ता आहेच. त्यातल्या एकाने न कळत जुनी शाखा मर्ज (एकत्र) करून पुश केली, म्हणजे मुख्य रेपोत पाठवली, की सगळा जुना इतिहास पुन्हा आत. म्हणजे ज्या गुप्ततेसाठी हा खटाटोप केला तीच पदरात पडत नाही.

सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या साधनात लेखकाचं नाव रिव्हिजनला (तिथल्या बदलाच्या नोंदीला) बाहेरून जोडलेलं असतं. हुक (आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) लावून ते बदलता येतं आणि रिव्हिजनचा क्रमांक तोच राहतो. पण आधी काय होतं याची नोंद उरत नाही, कुणी काय बदललं हे नंतर सांगता येत नाही. गिटचा हट्ट मला त्यापेक्षा जास्त पटतो.

खाडाखोड

क्लोनचा मुद्दा मान्य. पण सगळीकडून पुसता येत नाही म्हणून मुख्य ठिकाणीही राहू द्या, हे मी कधीच मान्य करणार नाही. एखाद्याच्या मागावर असलेला माणूस आधी मुख्य रेपोच उघडतो. आणि प्रत्येक प्रकल्प कर्नलएवढा नसतो. चार जणांच्या रेपोत हॅश बदलले तर चौघांना सांगून पुन्हा क्लोन करायला लावता येतं.

दुरुस्तीपथक

रोजच्या कामातला त्रास आणखी वेगळा आहे. पॅच (बदलाचा मजकूर) ईमेलने पाठवणारं गिट सेंड-ईमेल त्यातल्या साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे बदलाची जबाबदारी घेणाऱ्याने नाव-पत्ता लिहिलेल्या, ओळीतले पत्ते आपोआप सीसीत घालतं. त्या ओळी कमिटच्या संदेशात असतात, त्यामुळे लॉग दाखवताना मेलमॅप त्यांना हात लावत नाही. जुना पॅच पुन्हा पाठवला की बंद पत्त्यांवरून बाउन्स (पत्र न पोचता परत आल्याची सूचना) यायला सुरुवात.

बाउन्स आलं तर निदान कळतं तरी. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याच कुणी नोंदवलं, तर पत्र परत येत नाही, त्या अनोळखी माणसाच्या हाती पडतं. २०२२च्या मे महिन्यात पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावरच्या सीटीएक्स या पॅकेजचं हेच झालं. मेंटेनरच्या ईमेलचं डोमेन संपलं होतं. हल्लेखोराने ते नोंदवलं, पासवर्ड रीसेट करून खातं ताब्यात घेतलं आणि वापरणाऱ्यांच्या यंत्रावरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमांची सेटिंग, त्यात गुप्त किल्ल्याही असू शकतात) बाहेर पाठवणारा कोड आत घातला. जुन्या कमिटमधले पत्ते म्हणजे अशा माणसाला आयती यादी.

त्यामुळे माझा आग्रह असा: मेंटेनर निवृत्त झाला की त्याचे पुश करण्याचे अधिकार त्याच दिवशी काढा, आणि कमिटवरच्या ईमेलवरून कुणाची ओळख कधीच पटवू नका. गिट तो पत्ता तपासत नाही. युजर-ईमेलच्या सेटिंगमध्ये वाटेल ते लिहिता येतं.

तळटीप

+१. आणि जो सहकारी आता हयात नाही, त्याच्या पत्त्याला दुसऱ्या कुणाचा पत्ता जोडू नये. त्याची वेगवेगळी स्पेलिंगं एका नावाखाली आणावीत, पत्ता होता तसा ठेवावा. ते काम त्याचं आहे.

अर्धविराम

@खाडाखोड, संमतीचा तुमचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. मेलमॅपमधली ओळ त्या माणसाने स्वतः पाठवावी, किंवा त्याला विचारूनच घालावी. परस्पर जोडणी करण्याचा हक्क मेंटेनरला नाही. श्रेय मोजण्यासाठी जोडणी लागणारच असेल, तर मेलमॅपची फाइल रेपोबाहेर ठेवून सेटिंगमध्ये तिचा मार्ग देता येतो, ती जगाला दिसत नाही. पण सार्वजनिक रेपोचा इतिहास पुन्हा लिहायला माझा विरोध कायम आहे.

खाडाखोड

रेपोबाहेरची फाइल चालेल. पण मग नव्या माणसाला पहिल्या पॅचच्या आधी हे सांगा. योगदानाच्या सूचनांत टॅब की स्पेस यावर परिच्छेद असतात आणि तुमचा ईमेल इथे कायमचा राहील हे एक वाक्य नसतं. गिटहब खरा पत्ता झाकणारा नोरिप्लाय पत्ता देतं, तेही नवख्यांना बहुधा पत्ता उघडा पडल्यावरच कळतं.

अर्धविराम

हे वाक्य मी आमच्या प्रकल्पाच्या सूचनांत आजच घालतो, नोरिप्लाय पत्त्याच्या माहितीसकट. बाकीच्या मेंटेनरांनीही घालावं.