विषय: मुलीला उन्हाळ्यात जेरुसलेमला हिब्रू शिकायला जायचंय, कुणाला अनुभव?

प्रेषक: एक बाबा, एडिसन

नमस्कार मंडळी,

आमची धाकटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भाषाशास्त्र. गेल्या सेमिस्टरला तिने हिब्रूचा एक वर्ग घेतला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता तिला उन्हाळ्यात सहा आठवडे जेरुसलेमला जायचंय. सकाळी हिब्रू, दुपारी ज्यू ग्रंथांचं वाचन आणि आठवड्यातून एक दिवस सेवाकार्य, असा तिचा बेत आहे. आम्ही ज्यू नाही. तिला तिथे घेतील का? घेतलंच तर परकं वाटेल का? आणि सध्याच्या परिस्थितीत पाठवावं का? आपल्या न्यू जर्सीच्या मंडळात बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातली ज्यू, कुटुंबं आहेत, म्हणून इथे विचारतोय. हिच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

आपला,
धाकटीचे बाबा

---

प्रेषक: अलिबागची ताई, हायलँड पार्क

दादा, नमस्कार.

आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल. तुमची लेक म्हणते तसाच उन्हाळा मी २०१९ मध्ये काढला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, बिनपगारी रजा टाकून. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वैतागू नका.

माझी आजी रोज निजताना ‘श्मा यिस्राएल’ ही ज्यू प्रार्थना म्हणायची. शब्द हिब्रू, सूर कोकणातला. अर्थ विचारला की म्हणायची, “देव एक आहे, एवढं कळलं की झालं.” तिचं त्यावर भागलं. माझं भागेना. मुलं मार्गी लागली तशी मी निघाले.

सकाळी उलपान. उलपान म्हणजे हिब्रूचा सलग, रोजचा वर्ग. पहिला उलपान १९४९ मध्ये जेरुसलेममध्येच सुरू झाला. देशोदेशींहून येणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. पायऱ्यांची नावं अक्षरांवरून: आलेफ, बेत, गिमेल. मी अर्थात आलेफमध्ये. आमच्या बाई पहिल्या मिनिटापासून फक्त हिब्रू बोलल्या. आम्ही गांगरलो की म्हणायच्या, “लेआत लेआत.” हळूहळू. हे दोन शब्द मी अजून स्वयंपाकघरात वापरते.

तुमच्या लेकीला सांगा, मराठी येतं ही तिथे मोठी शिदोरी आहे. हिब्रूतल्या ‘त्सादी’ अक्षराशी वर्गातले काहीजण आठवडाभर झगडत होते. आपल्या ‘चमचा’तला च म्हणता येतो त्याला ते अक्षर पहिल्या दिवशीच जमतं. आणि शब्द! जागेला हिब्रूत ‘माकोम’ म्हणतात. मला एकदम पत्रावरचं ‘मु. पो. अलिबाग’ आठवलं. आपला ‘मुकाम’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण, दोघींचा धातू एकच. हॉटेलात बिल मागायचं तर ‘हेश्बोन’, म्हणजे आपला हिशोब. दिनांक म्हणजे ‘तआरीख’. बाजारातली मांडणी किंवा टपरी म्हणजे ‘दुखान’. माझ्या वहीचं मागचं पान असल्या शब्दांनीच भरलं होतं. भाषाशास्त्राच्या मुलीला तर ही मेजवानी आहे.

दुपारी ग्रंथवाचन, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेले होते. वाचनाची खोली म्हणजे ‘बेत मिद्राश’. ग्रंथालय म्हटलं की शांतता, ही आपली कल्पना. इथे पन्नास माणसं दोघादोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात, टेबलावर बोट आपटून वाद घालतात. या जोडीला ‘हव्रुता’ म्हणतात. माझी हव्रुता शिकागोची बावीस वर्षांची मुलगी होती. तिचं हिब्रू माझ्याहून बरं, पण आयुष्याचा अनुभव माझ्या गाठीला.

तालमूद म्हणजे ज्यू धर्मनियमांचा आणि त्यांवरच्या चर्चांचा ग्रंथ. त्याचं पान आपल्या सटीक पोथीसारखं असतं. मध्ये मूळ पाठ, एका बाजूला अकराव्या शतकातल्या ‘राशी’ नावाच्या पंडिताची टीका, दुसऱ्या बाजूला त्याच्यानंतरच्यांनी राशीशी घातलेले वाद. आम्ही तालमूदच्या ‘बावा मेत्सिया’ या भागाचा दुसरा अध्याय घेतला, सापडलेल्या वस्तूंचा. नवशिक्यांना बहुधा हाच देतात. रस्त्यात विखुरलेली नाणी सापडली तर ती कुणाची? मिश्ना, म्हणजे तालमूदचा जुना गाभा, म्हणते, सापडणाऱ्याची. का, तर ओळखायला खूण नाही, आणि मालकाने आशा सोडलेली असणार. इथवर सोपं. मग गेमारा, म्हणजे मिश्नेवरची चर्चा, विचारते, पैसे पडल्याचं मालकाला अजून कळलंच नसेल तर? कळलं असतं तर त्याने आशा सोडली असती, पण अजून तर सोडलेली नाही. त्या चर्चेतला एक पंडित, रावा, म्हणतो, सोडली असंच धरा. दुसरा पंडित, अबाये, म्हणतो, ज्याला हरवल्याचंच माहीत नाही त्याने आशा सोडली असं म्हणता येत नाही.

या एका मुद्द्यावर आम्ही दोघी दोन दुपारी बसलो. ती रावाच्या बाजूने, मी अबायेच्या. मी तिला सांगितलं, माझ्या वडिलांचं पाकीट एकदा दादरला गाडीत पडलं आणि घरी येऊन खिसा चाचपेपर्यंत ते आनंदात होते, बाजारातून मासळीसुद्धा घेऊन आले. त्या तासाभरात ते पाकीट कुणाचं? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तुझ्या वडिलांचं.” शेवटी निर्णय अबायेच्याच बाजूने आहे हे कळल्यावर मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

सेवेचा दिवस शेतातला. ‘लेकेत’ नावाची संस्था शेतकऱ्यांकडचा उरलेला भाजीपाला स्वयंसेवकांकडून काढून घेते आणि गरजूंना जेवण देणाऱ्या संस्थांकडे पोचवते. आमच्या वाट्याला वांगी आली. सकाळी साडेसातलाच ऊन चढलेलं, देठाचे काटे हातमोज्यांतून टोचत होते. या संस्थेचं नावच तोरातलं, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातलं आहे. कापणीच्या वेळी हातून गळून पडलेली कणसं म्हणजे ‘लेकेत’, ती मालकाने उचलायची नाहीत, गरिबासाठी सोडायची. शेताचा कोपराही कापायचा नाही. मिश्नेत त्याचा हिशोबसुद्धा आहे: एका जागी दोन कणसं पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. आधल्या दिवशी मी हे वाचताना म्हटलं होतं, इतका कीस काढायचा कशाला? शेतात वाकल्यावर कळलं. मालक एकदाच ‘जाऊ दे’ म्हणतो. रोज, दर वेचणीला, न मागता मिळायला हवं असेल तर आकडाच लागतो. आकडा ठरलेला असला की घेणाऱ्याला कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

परकं वाटण्याबद्दल म्हणाल तर एकच सांगते. ऑगस्टमध्ये ‘तिशा बेआव’ येतो, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाचा उपास. त्या वर्षी १० ऑगस्टच्या रात्री आम्ही जमिनीवर बसून मिणमिणत्या दिव्यात विलापगीतं ऐकली. आमच्या कोकणात या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणतात, कारण उपास बिरड्याच्या उसळीने सोडायचा. (योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, आमच्याकडे ‘दारफाळणीचा सण’ म्हणतात. ही नावं जपायला हवीत, आमच्या मुलांनाही ती आता येत नाहीत.) माझी चुलत मावशी इस्रायलमध्येच दिमोनाला असते. तिने वाल दिले होते. मी दोन दिवस आधी ते भिजत घातले, वसतिगृहातल्या उशीच्या अभ्र्यात बांधून मोड आणले, आणि माझी शिकागोवाली हव्रुता माझ्यासमोर बसून एकेक वाल सोलत होती. सालीतून वाल निसटून टेबलाखाली गेला की दोघी शोधायचो. रात्री उपास सुटल्यावर अकरा जणांनी बिरडं खाल्लं. त्यातल्या कुणीही आयुष्यात वाल पाहिलेला नव्हता. आजी गेल्यानंतर मी प्रथमच तो सण केला, आणि तोही जेरुसलेमला.

बाकी प्रश्नांचं उद्या लिहिते. डोळे दुखायला लागले.

---

प्रेषक: निवृत्त मास्तर, प्लेन्सबरो

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक भर घालतो. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट जुनी आहे. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं. पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये शिळाछापावर निघाली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका मात्साच्या, म्हणजे त्या सणाच्या बिनखमिराच्या, पोळ्या लाटताना दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी तर हिब्रू प्रार्थनांच्या मराठी भाषांतरांत जन्म घालवला. धाकटीला म्हणावं, तू पहिली नाहीस, रांग बरीच मोठी आहे.

---

प्रेषक: अलिबागची ताई, हायलँड पार्क

मास्तर, लुगड्याच्या चित्राबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं.

दादा, आता तुमचे प्रश्न. ज्यू नसलेल्यांना प्रवेशाचं म्हणाल तर हिब्रू विद्यापीठाचा स्कोपस टेकडीवरचा उन्हाळी उलपान सगळ्यांना खुला असतो. क्रेडिटही मिळतात, ती तिच्या कॉलेजात धरतात का ते आधी विचारून घ्या. ग्रंथवाचनाच्या संस्थांमध्ये ‘पार्देस’ १९७२ पासूनची आहे. तिथे बायका-पुरुष एकत्र शिकतात आणि कोण किती धर्म पाळतं हे बघत नाहीत. ज्यू नसलेल्या विद्यार्थिनीबद्दल मात्र त्यांना सरळ पत्र लिहून विचारा, आडपडदा ठेवू नका. पत्रात ‘मराठी’ हा शब्द जरूर घालायला सांगा.

पाठवावं का? मी आई आहे, म्हणून गुळमुळीत बोलणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथलं काहीच गृहीत धरता येत नाही. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध सुरू झालं तेव्हा बेन गुरियन विमानतळ बंद झाला आणि उन्हाळ्यासाठी गेलेली कितीतरी मुलं अडकून पडली. माझ्या मावशीने त्या दिवसांत रात्रीमागून रात्री आसरा-खोलीत काढल्या. यंदा मी माझ्या मुलीला पाठवलं नसतं. सरकारी सूचना वाचा, युद्ध वगळणारा विमा घेऊ नका, आणि तरीही मन घेत नसेल तर ‘नाही’ म्हणा. तिला राग येईल, तो सोसा.

पण तिचा उन्हाळा फुकट जायचं कारण नाही. व्हर्माँटमधल्या मिडलबरी कॉलेजची हिब्रूची उन्हाळी शाळा आहे. तिथे मुलं हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलणार नाही अशी शपथ घेतात. तालमूदसाठी मॅनहॅटनमध्ये ‘हदार’ आहे, आपल्याकडून गाडीने तासाभरावर. आणि शेतात वेचणी न्यू जर्सीतही होते, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको.

हव्रुता हवी असेल तर मी आहे. रविवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, सापडलेल्या नाण्यांपासूनच सुरू करू. या खेपेला मी रावाची बाजू घेईन, तिला अबाये देते.

---

प्रेषक: एक बाबा, एडिसन

ताई, तुमची दोन्ही पत्रं धाकटीने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. जेरुसलेम एक वर्ष पुढे ढकलायला ती तयार झाली, मिडलबरीचा अर्ज भरतेय. रविवारी दोन वाजता येते. तिने विचारलंय, वाल किती वेळ भिजवायचे?

---

प्रेषक: अलिबागची ताई, हायलँड पार्क

रात्रभर, कोमट पाण्यात. मग पाणी काढून फडक्यात घट्ट बांधून एक दिवस उबेला ठेवायचे. सोलायला इकडेच घेऊन ये म्हणावं.