पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टवर ‘ओपिनियन रिझर्व्हड’ लिहिलंय, म्हणजे घातपाताचा संशय आहे का?

भीमाकाठ_मोहोळ

नमस्कार. गाव मोहोळ तालुक्यात, मी सोलापुरात एमआयडीसीत कामाला. मे महिन्यात माझे चुलते विहिरीत गेले. पाणबुडी मोटार पाणी ओढंना म्हणून संध्याकाळी बघायला गेले होते. रात्री घरी आले नाहीत. सकाळी काठावर चपला आणि बॅटरी दिसली, मग गळ टाकून काढलं. तालुक्याला पीएम झालं. रिपोर्टमध्ये कारणाच्या जागी ‘ओपिनियन रिझर्व्हड, व्हिसेरा प्रिझर्व्हड’ एवढंच आहे. उजव्या खांद्याला फाटल्यासारखी जखम होती, ती अंघोळ घालताना सगळ्यांनी बघितली. आता गावात कुणी म्हणतं मारून टाकलं, कुणी म्हणतं कर्जापायी उडी घेतली. रिपोर्टचा अर्थ काय धरायचा? शेतकरी अपघात योजनेचं काम अडकेल का? चुलतीच्या डोळ्याचं पाणी खळत नाही.

न्यायवैद्यक_सोलापूर

तुमच्या चुलतीला आधी हे सांगा, की ‘ओपिनियन रिझर्व्हड’, म्हणजे तपासण्या येईपर्यंत कारण राखून ठेवणं, हा कुणावर संशय घेणं नाही. विहिरीतून काढलेल्या माणसाच्या बाबतीत घाईने ‘बुडून मृत्यू’ लिहून मोकळं होणं सोपं असतं. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं नाही, हे मला चांगलं वाटलं.

माझी सगळी नोकरी शवविच्छेदनाच्या टेबलाशी गेली. बुडून मेल्याची एकच एक पक्की खूण शरीरावर नसते. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, पुसला तरी पुन्हा येणारा. फुगलेली, जड फुप्फुसं. श्वासनलिकेत गाळ किंवा शेवाळ. हे सगळं मिळालं तर बरंच बळ येतं. तळहात-तळपायाची सुरकुतलेली पांढरी कातडी मात्र देह पाण्यात होता एवढंच सांगते, मेलेला टाकला तरी तशीच होते. त्यात आपल्याकडचा मे महिना. देह पाण्याबाहेर काढला की झपाट्याने बिघडतो आणि या खुणा पुसट होत जातात.

आता खांद्याची जखम. गळ टाकून काढलं म्हणता, तर गळाच्या आकड्याने कातडी फाटणं अगदी नेहमीचं. माणूस जिवंत असताना झालेल्या जखमेच्या कडांमध्ये रक्त मुरलेलं असतं, धुतलं तरी ते निघत नाही. मेल्यानंतरची जखम कोरडी, फिकट दिसते. रिपोर्टचा सतरावा रकाना उघडा, वरच्या जखमा तिथे लिहिलेल्या असतात. अठराव्यात त्या मृत्यूपूर्वीच्या आहेत का, याचं उत्तर असतं. गावाला काय म्हणायचं ते म्हणू द्या, तुम्ही ते दोन रकाने वाचा.

व्हिसेरा म्हणजे जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं यांचे भाग. ते मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. फॉर्मॅलिन या रसायनात घातले तर विष शोधणं अवघड होतं. कीटकनाशक, दारू, औषधं तिथे सापडतात. हृदय बंद पडून तोल गेला असेल तर ते यात दिसणार नाही. त्यासाठी हृदय वेगळं फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तसं पाठवलं आहे का, हे विचारा. कधी डायटमची तपासणीही मागवतात. पाण्यातली ही सूक्ष्म शेवाळं जिवंत माणसाच्या फुप्फुसातून रक्तात शिरून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. हृदय आधीच थांबलेलं असेल तर पोचत नाहीत. पण त्यासाठी त्याच विहिरीचं पाणी नमुना म्हणून घेतलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं.

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकते. मोटार बघायला गेले होते म्हणता. त्या वेळी वीज होती का? स्टार्टर कुठल्या स्थितीत सापडला?

भीमाकाठ_मोहोळ

मॅडम, संध्याकाळी वीज नव्हती. त्या आठवड्यात आमच्या फीडरला (वीजवाहिनीला) रात्रीची पाळी होती. स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे. सकाळी आम्ही गेलो तेव्हा मोटार चालू होती, भावानेच बंद केली. केबलला पाण्याच्या जरा वर टेप गुंडाळलेला जोड आहे. हे पंचनाम्यात आलंय असं वाटत नाही, कुणी विचारलंच नाही.

तारजोड_बार्शी

ऑटो असला की वीज आली रे आली की मोटार सुरू, माणूस पाण्यात आहे का काठावर, ते त्याला काय कळणार. जोड ओला असेल तर पाण्यात करंट उतरणारच. तो जोड कापून टाकू नका, केबल आहे तशी ठेवा, फोटो काढा. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, विहिरीत उतरण्याआधी नुसती वीज गेलीय म्हणून विसंबू नका. मेन खाली पाडा आणि तिन्ही फ्यूज काढून खिशात घाला.

न्यायवैद्यक_सोलापूर

तारजोड यांनी अगदी नेमकं सांगितलं. आता माझं ऐका, कारण हे प्रयोगशाळा तुम्हाला कधीच सांगणार नाही. विजेचा धक्का व्हिसेऱ्यात सापडत नाही. कोरड्या कातडीवर भाजल्याचा छोटा, कडा उचललेला डाग पडतो. ओल्या कातडीचा विरोध कमी असतो आणि पाण्यात वीज अंगभर पसरून शिरते, म्हणून डाग पडतोच असं नाही. शिवाय धक्क्याने हातपाय आखडून माणूस जिवंतपणीच बुडाला, तर फुप्फुसात बुडाल्याच्या खुणाही मिळतील. देह निम्मंच बोलतो. उरलेलं त्या केबलच्या जोडाकडे आणि स्टार्टरकडे आहे, आणि ते पावसाळ्यात नाहीसं होईल.

तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. आकस्मिक मृत्यूचा नोंदणी क्रमांक त्यावर घाला. ऑटो स्टार्टर, चालू सापडलेली मोटार, जोड, सगळं लिहा आणि भावाचा पुरवणी जबाब घ्यायला सांगा. १ जुलै २०२४ पासून हा तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली व्हायचा. दुसरा अर्ज विद्युत निरीक्षकांकडे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघाताच्या चौकशीची तरतूद आहे. त्यांचा अहवाल आला की तो आणि प्रयोगशाळेचा, दोन्ही पीएम करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून अंतिम अभिप्राय मागायचा. घटनास्थळाची माहिती मिळाली नाही तर डॉक्टर बिचारे कशावरून लिहिणार?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत बुडणं आणि विजेचा धक्का दोन्ही बसतात. अंतिम अभिप्रायाची वाट बघत अर्ज थांबवू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आत्ताच दाखल करा, कारण राखीव असल्याचं त्यात लिहा. आत्महत्या त्या योजनेत बसत नाही, म्हणून तर केबलचा पंचनामा होणं इतकं गरजेचं आहे.

भीमाकाठ_मोहोळ

सतरा नंबरला खांद्याची जखम आहे, अठराला ‘पोस्टमॉर्टेम’ लिहिलंय. चुलतीला वाचून दाखवलं. भावाला सांगितलंय, विहिरीकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही. उद्या सकाळच्या एसटीने गावाकडं निघतोय, दोन्ही अर्ज रात्रीच लिहून काढतो.