पहिली नोकरी, झोप उडाली आहे: समुपदेशक गाठावा की मानसोपचारतज्ज्ञ?

प्रश्न (वैशाखी): धाकटा भाऊ २३ वर्षांचा, हिंजवडीत पहिलीच नोकरी. दीड महिना झाला, पहाटे तीनपर्यंत डोळा लागत नाही, नऊला लॉगिन. रविवारी दुपारी दोनपर्यंत झोपतो. जेवण कमी झालंय, मित्रांचे फोन घेत नाही. म्हणतो, "झोपेची गोळी मिळाली की सगळं सुटेल." नेमकं कोणाकडे न्यावं? कंपनीला कळेल का?

रानवारा: निव्वळ झोपेची तक्रार असती तर झोपेचंच बघितलं असतं. इथे जेवण आणि माणसंही सुटली आहेत, म्हणून आधी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, एकूण गुण २७, मराठीतही मिळते. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ. हे निदान नव्हे, चाळणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच आणि बी-१२ तपासा. थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते आणि बंद केल्यावर झोप आणखी बिघडते.

मंदार_पुणे: झोपेपुरतं सांगतो. आठवडाभर वहीत लिहायचं: अंथरुणावर कधी पडला, अंदाजे कधी झोपला, कधी उठला. समजा आठ तास पडून राहून झोप पाचच तास होते. मग अंथरुणात साडेपाच तासच. उठायची वेळ सातची पक्की, म्हणजे दीडच्या आधी पाठ टेकायची नाही. पडल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप आठवडाभर लागली की १५ मिनिटं आधी पडायचं. पाच तासांच्या खाली कधीही नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते रविवारी. दोनपर्यंत झोपलेल्या माणसाला त्या रात्री झोप येणार तरी कशी? मग सोमवार डोळे चोळत जातो. सुट्टीच्या दिवशीही सातलाच उठायचं, दुपारची डुलकी नाही, दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं. घड्याळ बघायचं नाही.

पहिला आठवडा जड जातो आणि दिवसा पेंग येते, तेवढे दिवस दुचाकी नको. फिट येत असेल तर हा प्रयोग स्वतःहून करूच नका. आणि झोप कमी असूनही थकवा नाही, उलट उत्साह, बडबड, खर्च वाढलाय असं असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बायपोलरमध्ये (मन कधी अति उत्साही, कधी खिन्न होण्याचा आजार) नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.

वैशाखी: बेरीज १४ आली, नववा प्रश्न शून्य. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर किती दिवसांत फरक पडतो?

रानवारा: दोन ते सहा आठवडे. मळमळ, बेचैनी आधी येते, आराम नंतर. म्हणूनच बरेच जण दहाव्या दिवशी सोडून देतात. २५ वर्षांखालच्यांवर सुरुवातीचे आठवडे लक्ष ठेवावं लागतं, क्वचित जीव देण्याचे विचार वाढतात. तेव्हा महिनाभर कोणीतरी सोबत राहा आणि दुसऱ्या आठवड्याची भेट चुकवू नका. बरं वाटल्यावरही एकदम बंद करायच्या नाहीत. समुपदेशन सोबत हवंच. मानसशास्त्रज्ञाची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारून घ्या.

सुलभा_एचआर: कंपनीचं म्हणाल तर, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे; जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर परस्पर कोणाला कळवू शकत नाहीत. रजेच्या दाखल्यावर "उपचार सुरू, विश्रांतीची गरज" एवढंच लिहून मागा. ऑफिसच्या ईमेलवरून अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण ओपीडीचा खर्च गटविम्यात असेलच असं नाही, पॉलिसी वाचा. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि मराठीतही.