फॅरो बेटांची १७ वर्षांखालची टीम पाहून पडलेला प्रश्न: तालुक्याची टीम कशी उभी करायची?

पीटी_सर_आर्णी

फॅरो बेटं म्हणजे उत्तर अटलांटिकातली अठरा बेटं. राज्य डेन्मार्कचं, पण फुटबॉलमध्ये स्वतंत्र देश. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे गडचिरोलीतला एखादा लहान तालुका. त्यांची १७ वर्षांखालची टीम मे २०१७ मध्ये क्रोएशियात युरोपियन स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळली. तेव्हा तिथे सगळ्या युरोपातून फक्त १६ संघ पोचायचे. फॅरोची मुलं तिन्ही सामने हरली, पण पोचली हे महत्त्वाचं.

आमच्याकडे तीन शाळा मिळून (एक आश्रमशाळा, दोन जिल्हा परिषदेच्या) १३ ते १७ वयाची ३८ मुलं आहेत. मैदान ६० बाय ४५ मीटर, काळी माती. चेंडू सहा. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात आणि तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात चार-पाच गोल बसतात. इतक्या कमी मुलांतून टीम घडवताना छोटे देश नेमकं काय वेगळं करतात? निवड, मैदान, सराव, कागदपत्रं, ज्याला जे ठाऊक असेल ते आकड्यानिशी सांगा. "मेहनत करा" एवढंच सांगू नका.

कोरडवाहू_अकरा

सर, आधी फॅरोचा हिशेब मांडून बघा. तिथे वर्षाला साधारण ६०० ते ७०० बाळं जन्मतात. त्यातले निम्मे मुलगे, म्हणजे एका जन्मवर्षाचे सव्वातीनशेच्या आसपास. खालच्या वर्षाची मुलं धरली तरी १७ खालच्या टीमसाठी देशभरात साडेसहाशे मुलगे. त्यातले सगळे काही फुटबॉल खेळत नाहीत. फ्रान्ससारख्या देशात तेराव्या वर्षी हजारो मुलं गाळली तरी मागे हजारो उरतात. फॅरोला एक मुलगासुद्धा गाळणं परवडत नाही, आणि त्यांची सगळी पद्धत इथूनच ठरते.

आइसलंडचंही तेच. साडेतीन-चार लाख वस्ती, पण कुठल्याही गावचा क्लब मुलाला "तू चांगला नाहीस" म्हणून परत पाठवत नाही. सगळ्यांना सराव, सगळ्यांना सामने, आणि लहान मुलांनाही पगारी, प्रशिक्षित कोच. २००० मध्ये केप्लाविकला पहिलं पूर्ण मापाचं बंदिस्त मैदान झालं, मग शाळांशेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदानं झाली. त्या पिढीच्या २१ खालच्या टीमने २०१० मध्ये पात्रता फेरीत जर्मनीला ४-१ हरवलं आणि २०११ ची मुख्य स्पर्धा खेळली. सिगुर्डसन, गुन्नारसन, सिगथोर्सन ही त्याच टीमची मुलं. २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ हरवलं तेव्हा हीच मुलं मैदानात होती. म्हणजे फळ यायला मधे पाच-सहा वर्षं गेली.

आता तुमची ३८ मुलं. १८ निवडून २० घरी पाठवू नका. १३-१४ चा एक गट करा, १५ ते १७ चा दुसरा. खालच्या गटातली दोन-तीन चांगली मुलं आठवड्यातून एकदा वरच्यांत खेळवा, पण दणकट दिसतात म्हणून नव्हे, चेंडू मिळायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघतात म्हणून. तेरा-चौदाव्या वर्षी उंची आणि जोर बघून केलेली निवड हमखास फसते. ज्याला मिसरूड आधी फुटलं तो त्या वर्षी स्टार असतो. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडे पळण्याशिवाय दुसरं काही शिकलेलं नसतं. दर तीन महिन्यांनी भिंतीला पाठ लावून प्रत्येकाची उंची वहीत लिहा. सहा महिन्यांत ४-५ सें.मी. वाढलेल्या मुलाचा पाय तात्पुरता बेताल होतो, गुडघ्याखालचं हाड दुखतं. त्याचा सराव कमी करा, त्याला काढू नका.

धुऱ्यावरचा_गोलकीपर

मैदानाचं मी सांगतो सर. फॅरोवाल्यायले बी मैदानानंच छळलं होतं. १९९० मध्ये त्यायच्याकडे चालण्यासारखं गवताचं मैदानच नव्हतं, म्हणून ऑस्ट्रियासोबतचा घरचा सामना स्वीडनमध्ये लॅन्डस्क्रोनाले खेळला. १-० जिंकला बी. पुढं त्यायनं गावोगावी कृत्रिम गवत टाकलं. आपल्या नशिबात मुरूम हाये, तं मुरूमच नीट टाका.

काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तं पहिल्या पावसात तो खाली बसते अन् माती वर येते. पहिले वरची १५ सें.मी. माती काढा. खालच्या मातीलेच उतार द्या, मुरमाले नाही. मधातून दोन्ही कडेले मीटरमागं १ सें.मी. तुमच्या जागेत ५५ बाय ३७ मीटरचं सात-सात जणायचं मैदान बसते, म्हणजे मधली रेघ कडेपेक्षा १८ सें.मी. उंच. कडेनं फूटभर खोल नाली. मग १० सें.मी. मुरूम. हिशोब करा: २०३५ चौरस मीटर गुणिले १० सें.मी., म्हणजे जवळपास ७२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर मुरूम खाली बसते, म्हणून चवथाई जास्त, ९० ब्रास धरा. पाच-पाच सें.मी.चे दोन थर, हरेक थरावर पाणी मारून रोलर. गावात रस्त्याचं काम असन तवाच रोलरवाल्याले धरा, एरवी तो एवढ्यासाठी येत नाही. वरच्या थराचा मुरूम चाळून घ्या, बोराएवढा गोटा बी राहू देऊ नका. अन् मुरूम उचलाच्या आधी तहसीलचा परवाना काढा. नाही तं ट्रॅक्टर जप्त होते अन् नाव शाळेचं खराब होते.

गोलपोस्ट: दोन इंची जीआय पाइप, सहा मीटरचे दोन नग एका गोलले पुरतात. रुंदी ३.६६, उंची १.८३ मीटर. खांब जमिनीत ६० सें.मी. पाहिजे, पण सरळ काँक्रीटमध्ये गाडू नका. अडीच इंची पाइपाचं नळकांडं काँक्रीटमध्ये बसवा अन् खांब त्यात उभा करा. सोयाबीन वाळू घालाले लोक मैदान मागतेच, तवा खांब काढून ठेवता येतात. खांब काढल्यावर नळकांड्याले झाकण लावा, पोट्ट्यायचा पाय जाते त्यात. नुसता ठेवलेला, न बांधलेला गोल कधीच वापरू नका. आडव्या दांडीले पोट्टे लोंबकळते अन् तो अंगावर येते. याच्यानं जीव गेले हायेत.

रेघा कळीच्या चुन्यानं मारू नका. डोळ्यात गेला तं डोळा जाते, घामानं कातडी भाजते. रांगोळीची पांढरी भुकटी घ्या.

चेंडू: मुरमावर शिलाईचा चेंडू टिकत नाही, रबरी मोल्डेड घ्या. १२ वर्षांपर्यंत चार नंबर, पुढं पाच नंबर. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सें.मी. अन् वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ८.५ ते ९ पीएसआयच ठेवा. कडक जमिनीवर जास्त हवेचा चेंडू टणाटण उडते अन् पोट्टे तो थांबवालेच शिकत नाही. हवा भरताना सुई ओली करा, कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. कुंपण बाभळीच्या काट्याचं असन तं तिकडून आत दोन मीटर रोज झाडा. सराटा चेंडूत रुतला तं तिथंच उपसू नका, जागेवर पेनानं खूण करा अन् मग काढा, नाही तं पंक्चर सापडत नाही.

तिसरी_लाईन

मैदान होईल तेव्हा होईल, चार-पाच गोल बसणं त्याआधीही थांबवता येतं. छोट्या देशांच्या टीम मोठ्यांसमोर तगतात त्या दोन गोष्टींवर: ओळींमधलं अंतर आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक असा थांबलेल्या चेंडूवरून सुरू होणारा खेळ). २०१७ चा १७ खालचा विश्वचषक आपल्याकडे झाला, त्यात न्यू कॅलेडोनिया होती. पॅसिफिकमधलं पावणेतीन लाख वस्तीचं बेट. फ्रान्सने सात गोल मारले, होंडुरासने पाच. तिसऱ्या सामन्यात कोलकात्यात त्याच मुलांनी जपानला १-१ असं रोखलं. आठवड्याभरात कोणाचं कौशल्य वाढत नाही. एवढ्या कमी वेळात सुधारता येते ती फक्त मांडणी.

मांडणी अशी शिकवा. २४ मीटरचं चऱ्हाट घ्या, दर आठ मीटरवर गाठ मारा. चार बचावपटूंच्या हातात दोन्ही टोकं आणि मधल्या दोन गाठी द्या. तुम्ही चेंडू हातात घेऊन मैदानाच्या रुंदीत चालत जा. चौघांनी चेंडूच्या बाजूला सरकायचं. दोर ढिला पडला तर दोघं जवळ आलेत, ताणला तर मधे भगदाड पडलंय. दहा मिनिटं चालत, मग दहा मिनिटं हळू पळत. दोर हातातून घसरला तरी चालेल, मनगटाला मात्र कोणी गुंडाळू नये. चार दिवसांनी दोर काढा, अंतर बहुतेकांच्या अंगात बसलेलं असतं. तोच प्रकार मधल्या चौघांना. दोन ओळींत दहा मीटर, आणि सर्वात पुढच्यापासून शेवटच्या बचावपटूपर्यंत तीस मीटरच्या आत.

यात हमखास तीन ठिकाणी बिघडतं. चेंडू लांब मारून काढला की पुढचे पळतात आणि मागचे चौघे जागेवर उभे राहतात, मधे चाळीस मीटर मोकळं. "बाहेर" असा एकच शब्द ठरवा आणि तो गोलकीपरने ओरडायचा. दुसरं, पलीकडचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) रेघेला चिकटून राहतो. चेंडू डावीकडे असेल तर उजव्या फुलबॅकने गोलच्या आपल्या बाजूच्या खांबाएवढं आत यायला हवं. तिसरं, एकटाच धावून चेंडूवर जातो. समोरच्याचा पहिला स्पर्श लांब गेला, त्याने मागे पास दिला किंवा तो आपल्याच गोलकडे तोंड करून उभा असला तरच जायचं, आणि जवळच्या दोघांनी बरोबर जायचं. एरवी थांबायचं.

सेट पीससाठी सरावाच्या शेवटी रोज दहा कॉर्नर. चेंडू उंच नको, छातीएवढा सपाट, जवळच्या खांबासमोरच्या पाच-सहा मीटरांत. पाच मुलं पेनल्टी ठिपक्यापाशी एका घोळक्यात उभी, पाचही वेगवेगळ्या दिशांना सुटणार. या वयात बहुतेक गोलकीपर अशा चेंडूवर पुढे यायला कचरतात.

कोरडवाहू भाऊंशी एका बाबतीत मी सहमत नाही. सगळ्यांना खेळवा हे बरोबर, पण वरच्या गटात सगळ्यांना सारखा वेळ देऊन ही मांडणी बसत नाही. मागचे चौघे आणि गोलकीपर दोन महिने तेच ठेवा.

कोरडवाहू_अकरा

सामन्यापुरतं मान्य. सरावात मात्र मागच्या चौघांच्या जागी राखीव चौघेही तेवढाच वेळ दोर धरू देत. दोघं सोयाबीन सोंगायला गेले की पाचव्या-सहाव्याचं काम पडतंच.

वर्धा_दुपार

कागदपत्रांचं सांगतो, कारण चांगल्या टीम इथेच बाद होतात. आपल्याकडच्या अनेक मुलांची शाळेतली जन्मतारीख १ जून असते, प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लावलेली. एका टीममध्ये आठ मुलं १ जूनची दिसली की तपासणाऱ्याला शंका येणारच. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतला दाखला काढा. जन्मापासून वर्षाच्या आत झालेली नोंद सगळ्यात भक्कम, फार उशिराच्या नोंदीवर प्रश्न उठतात. दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत नाव आणि तारीख अक्षरशः जुळली पाहिजे. दुरुस्ती जानेवारीत सुरू करा, जूनमध्ये होत नाही. पुढे राष्ट्रीय पातळीवर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, आणि मुलांच्या १७ खालच्या विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते. वय लपवलेला मुलगा तिथे अडकतो, आणि इथे एका खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची जागा खाऊन बसलेला असतो.

वेळापत्रक शेतीप्रमाणे लावा. नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणी, मुलं दुपारी सापडत नाहीत, पण सकाळी साडेसहाला येतात. खरी बांधणी जानेवारी ते मार्च. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत मैदान सोडायचं, आणि पाऊण तासाच्या वर सराव नको. दर पंधरा मिनिटांनी पाणी. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो. मुलगा बरळायला लागला, त्याचा तोल गेला किंवा तो बेशुद्ध पडला तर तो उष्माघात: सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्यात वीज. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, मुलं शाळेच्या पक्क्या इमारतीत, झाडाखाली अजिबात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. गोलपोस्ट लोखंडी आहे हे ध्यानात ठेवा.

पीटी_सर_आर्णी

सगळ्यांचे आभार. ९० ब्रास यंदा जमणार नाही. काळ्या मातीवर जुलैचे सामने डोक्यात धरून सराव कसा घेऊ?

धुऱ्यावरचा_गोलकीपर

सर, यंदा फक्त दोन्ही गोलसमोरचं १२ बाय ८ मीटर अन् मधलं वर्तुळाएवढं करा. गोलसमोरचे दोन तुकडे म्हणजे दाबलेला १० सें.मी. थर सात ब्रासचा, दाबाचं धरून साडेआठ-नऊ ब्रास आणा. मधलं वर्तुळ त्याच्यावर धरा, तरी ९० च्या किती तरी आत काम भागते. चिखल पहिले तिथंच होते. बाकी जागेत पाणी साचते तिथून कडेपर्यंत कुदळीनं वीतभर चर काढा, सामन्याच्या दिवशी त्यात माती भरून चोपा.

तिसरी_लाईन

आणि चिखलात छोटे पास अडकतात, म्हणून जूनपासून सरावाचा तिसरा हिस्सा ओल्या मैदानावरच घ्या. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने ढकलायचा नाही, खालून उचलून वीस-पंचवीस मीटर टाकायचा. गोलकीपरने चेंडू हातांनी झेलायच्या नादात न पडता चेंडूमागे अंग आणायचं, एक गुडघा टेकून. ओला चेंडू सुटला तरी अंगाला लागून समोर पडतो, गोलमध्ये जात नाही.