"एक चमचा तेल" म्हणजे नक्की किती? आणि बाहेर जेवणारे सगळे आळशी का?

उलथणं:
काल "साधंजेवण" यांची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी नाही वाचली त्यांच्यासाठी: दोन महिने बाहेरचं पूर्ण बंद, घरी सगळं "एक चमचा तेलात", पाच किलो उतरले, आणि शेवटी ते वाक्य, "वेळ नाही हे कारण नसतं, आळस असतो". तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझं भांडण घरच्या जेवणाशी नाही, हे आधीच सांगते नाहीतर पहिले चार प्रतिसाद त्यावरच येतील. मी दहा वर्षं रोज घरी करते. आणि त्यातली पहिली तीन वर्षं माझं वजन घरचंच खाऊन वाढत होतं. घरचं म्हणजे हलकं, असं मी धरूनच चालले होते. बाटली उचलायची, कढईवर वाकडी करायची, मनात "एक" म्हणायचं आणि सरळ करायची, हा माझा एक चमचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा छातीठोकपणे तेच सांगितलं. मग घरी आल्यावर काय वाटलं कोण जाणे, वजनकाटा काढला. ओतायच्या आधी बाटली ७४२ ग्रॅम, ओतल्यावर ७१९. तेवीस ग्रॅम! ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे दोनशेच्या वर, आणि त्या दिवशी असे तीन पदार्थ केलेले.

तर साधंजेवण, चमचा कुठला? आणि आळशी कोणाला म्हणालात?

साधंजेवण:
अहो ताई, आमच्या एका पोस्टवर अख्खा धागा काढलात, आभारी आहे. चमचा म्हणजे चमचा, प्रत्येकाच्या घरात असतो तो. बाहेर एका वेळच्या जेवणात जेवढं तेल जातं तेवढ्यात माझे दोन दिवस निघतात. तुम्ही बाटली वाकडी करत होता ही तुमची चूक, त्याचं खापर माझ्यावर कशाला?

पद्धतही सांगतो, काल अर्ध्या लोकांनी विचारली. कांदा बारीक चिरून कोरड्या गरम भांड्यात टाकायचा, चिमूटभर मीठ, झाकण. त्याचंच पाणी सुटतं. ते आटलं की कांदा तळाला धरायला लागतो, तेव्हा घाबरायचं नाही, दोन चमचे पाणी शिंपडायचं आणि तळाचा तपकिरी थर उलथण्याने खरवडून कांद्यात मिसळायचा. असं तीन-चार वेळा. पंधरा मिनिटं लागतात. तेल शेवटी, वरून, चवीपुरतं.

खरपूस:
पाण्यात शिजवलेल्या कांद्याला उकडलेला कांदा म्हणतात हो. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशाच्या वर जात नाही आणि तो खरपूस रंग-वास यायला साधारण १४० तरी लागतात. मग म्हणे घरचं कोणी आवडीने खात नाही!

साधंजेवण:
म्हणून तर पाणी *आटू द्यायचं* लिहिलंय. वाचा ना आधी.

चमचावाली:
मुद्द्याचं कोणी बोलतच नाहीये. चहाचा चमचा ५ मिली, मोठा मापाचा चमचा १५ मिली. हा तिप्पट फरक झाला! १५ मिली तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, १२० कॅलरी. आणि "घरात असतो तो" म्हणजे खायचा चमचा, तो यातल्या कुठल्याच मापाचा नसतो. वाढायच्या चमच्याबद्दल तर बोलायलाच नको. मी मापाच्या चमच्यांचा सेट आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, औषध देणारेस का आम्हाला?

निवांत:
+१. आणि शिगोशीग की सपाट, तेही सांगा.

चमचावाली:
तेल शिगोशीग कसं भरणार?

निवांत:
ह.घ्या. (हलकेच घ्या.)

रात्रपाळी:
आळशी हजर आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ड्युटी, एकटा राहतो, खोलीत एक शेगडी. सहा महिने घरी करून बघितलंय. एकट्या माणसासाठी करायचं म्हणजे काय हे चौघांच्या घरातल्यांना कळत नाही. पालेभाजीची जुडी आणली की अर्धी सडते, डाळ केली तर तीच तीन दिवस, आणि सकाळी सात वाजता डोळे मिटत असताना तळाला धरणारा कांदा पंधरा मिनिटं खरवडत कोण बसणार? तुमच्या पोस्टमध्ये भांडी कोण घासतं हे कुठेच आलेलं नाही. बाजार कोण करतं, चिरतं कोण? तुम्हीच सगळं करत असाल तर माफी मागतो.

साधंजेवण:
चिरणं आणि करणं माझं. भांडी बायको.

रात्रपाळी:
बरं. म्हणजे "वेळ नाही" म्हणणाऱ्याला तुमचा सल्ला असा की आधी लग्न कर.

साधंजेवण:
हे वैयक्तिक होतंय. मी तुमच्या घरात डोकावलो नाही. वडिलांना ५४ व्या वर्षी झटका आला तेव्हा त्यांचं दुपारचं जेवण बावीस वर्षं बाहेरचं होतं, रोज. तेच डोक्यात ठेवून लिहिलं होतं. तुम्हाला लागलं असेल तर लागू दे.

उलथणं:
वडिलांचं वाईट वाटलं, खरंच. पण ते पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर लोकांनी वेगळं वाचलं असतं. तुम्ही आळस लिहिलंत.

विदावाला:
थोडा विदा, म्हणजे आकडेवारी, आणतो, भावना बाजूला. चरबी कमी केली की हृदयरोग टळतो हे वाटतं तितकं सरळ नाहीये. अमेरिकेत ४८,८३५ बायकांवर मोठा प्रयोग झाला, २००६ ला निष्कर्ष आले. एका गटाला कमी चरबीचा आहार शिकवला, सरासरी आठ वर्षं पाठपुरावा केला, आणि हृदयरोगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा चमचे मोजत बसा खुशाल.

चमचावाली:
तोच अभ्यास पुढे वाचा की. त्या गटाचं लक्ष्य होतं २० टक्के कॅलरी चरबीतून. पहिल्या वर्षी पोचल्या २४ पर्यंत, सहाव्या वर्षी परत २९ च्या आसपास. लक्ष्य गाठलंच नाही! यातून "कमी चरबी निरुपयोगी" निघतं की "माणसं फार दिवस मोजून खात नाहीत" निघतं? मला दुसरं वाटतं, आणि म्हणूनच चमचा महत्त्वाचा.

विदावाला:
दोन्ही निघतं. स्पेनमध्ये तर लोकांना ऑलिव्ह तेल सढळ हाताने घ्या असं सांगून त्यांचे हृदयविकार कमी झालेले दिसले. २०१३ चा तो अभ्यास चुकांमुळे मागे घेऊन २०१८ ला दुरुस्त करून परत छापला, हे मीच सांगून टाकतो नाहीतर तुम्ही सांगाल.

चमचावाली:
सांगणारच होते. आणि ऑलिव्ह असो की आणखी कुठलं, हृदयाला चांगलं असलं तरी कॅलरी तितक्याच. माझी एक मैत्रीण "चांगलं तेल आहे" म्हणून सॅलडवर धार सोडते, मग वजन का उतरत नाही म्हणून मलाच विचारते.

माजी_आचारी:
सहा वर्षं हॉटेलच्या मुदपाकखान्यात होतो, कुठल्या ते विचारू नका. दोन्ही पार्ट्यांचं थोडं थोडं चुकतंय.

बाहेरच्या जेवणात तेल जास्त असतं ते आचारी वाईट असतो म्हणून नाही. एक तर घाई. मंद आचेवर पंधरा मिनिटं कांदा परतायला तिथे कोणाला वेळ नसतो, भरपूर तेलात मोठ्या आचेवर तो चार मिनिटांत होतो. दुसरं, चकाकी. पदार्थ बाहेर जायच्या आधी वर लोण्याचा गोळा फिरवायचा, हे शिकवलंच जातं, त्याशिवाय ताट मेलेलं दिसतं. तिसरं तळण. तेल १७० ते १८० च्या घरात असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर येत राहते. गर्दीच्या वेळी जाळी ठासून भरली की तेल थंड पडतं, वरचं कवच लवकर धरत नाही, मग पदार्थ तेल पीत बसतो. शनिवारी रात्री तळलेलं काही मागवू नका एवढंच सांगेन.

आणि सॅलड मागवून स्वतःला शहाणे समजणाऱ्यांसाठी: त्या ड्रेसिंगचं पुस्तकी प्रमाण तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर. वेगळं मागा, स्वतः घाला.

पण घरी लोक वांगं करतात तेव्हा मला हसू येतं. वांगं म्हणजे स्पंज. चमचाभर तेल टाका, दहा सेकंदात गायब, मग अजून एक, मग अजून एक. फोडी आधी मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं मऊ करा, स्पंज बसतो, मग कमी तेलात होतं. हे कोणी सांगत नाही, नुसतं "एक चमचा" सांगतात.

रात्रपाळी:
आचारीसाहेब, आज या धाग्यावर कामाचं बोलणारे तुम्ही पहिलेच. बाहेर काय मागवायचं तेही सांगा.

माजी_आचारी:
भाजलेलं, वाफवलेलं, पातळ सूप. ज्याच्या नावात क्रीम, कुरकुरीत, सोनेरी असले शब्द आहेत ते सोडा. मीठ मात्र टाळता येणार नाही, ते सगळ्यात असतं.

फुसफुस:
मी स्प्रे वापरते, त्यावर चरबी शून्य लिहिलंय. प्रश्नच मिटला.

चमचावाली:
डब्यात तेलच आहे ना? मग शून्य कसं होईल! अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एका वाढीत, म्हणजे एका वेळी घ्यायच्या मापात, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी चरबी असेल तर शून्य लिहिता येतं, आणि वाढ धरलेली असते पाव सेकंदाच्या फवाऱ्याची. तुम्ही किती वेळ दाबता?

फुसफुस:
...तवा ओला दिसेपर्यंत.

निवांत:
एक चमचा झाला. अर्धा फुसफुस किती मिली यावर कोणीतरी वेगळा धागा काढा. बाय द वे, आमच्याकडे एअर फ्रायर आहे, तो तळतो म्हणे बिनतेलाचा.

खरपूस:
तो तळत नाही. पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे तो, गरम हवा फिरवतो. नाव द्यायला काय जातंय. (अवांतर: बटाटे मात्र छान होतात.)

साधंजेवण:
कोणी मूळ प्रश्नावर येणार का? घरी केलेलं कमी चरबीचं होतं की नाही?

उलथणं:
केलं तर होतं, आपोआप होत नाही! दोन दिवस हेच तर सांगतेय. आमच्याकडे मी नंतर चमच्याचा नादच सोडला आणि महिन्याचा हिशोब धरला. चार माणसं, महिन्याला तीन लिटर. माणशी दिवसाला २५ मिली, साधारण २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते एकूण कॅलरीतल्या ३० टक्क्यांच्या आत चरबी, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला जेमतेम ६७ ग्रॅम. त्यात दूध, अंडी, दाणे, बिस्किटं सगळं आलं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आमचे पाच लिटर जात होते. पाहुणे येतात, मुलं सांडतात, ते सगळं धरूनच खरा आकडा निघतो. पदार्थाला किती घातलं हे माणूस खोटं सांगतो, रिकाम्या बाटल्या नाही सांगत.

विदावाला:
हे पटलं. पण सगळं तेल काढून टाकायच्या मागे लागू नका लोकहो, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायला थोडी चरबी लागतेच. आणि लो-फॅट लिहिलेलं फळांचं दही घेताना मागची साखर वाचा. चरबी काढली की चव जाते, ती कशाने तरी भरून काढतातच.

खरपूस:
एक नोंद. काल रात्री तो पाण्याचा कांदा केला. रंग आला. तिसऱ्यांदा खरवडल्यावर वासही आला. तेलातल्याच्या सत्तर टक्के म्हणेन. पुन्हा हे लिहून घेऊ नका माझ्याकडून.

साधंजेवण:
सत्तर मिळाले हेच खूप.

चमचावाली:
आता काटा काढा ना साधंजेवण. दोन दिवस झाले विचारतोय.

साधंजेवण:
काढला. सकाळपासून तिनेक वेळा काढला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. माझा "एक चमचा" १९ ग्रॅम. बायको बाजूला उभी होती, काही बोलली नाही, नुसती हसली. पण पाच किलो उतरलेत ते खरे आहेत, ते काट्यावरच मोजलेत.

उलथणं:
मान्य. १९ ग्रॅमनेही उतरतात म्हणजे बाहेर तुम्ही काय खात होता देव जाणे. पोस्ट दुरुस्त करणार का?

साधंजेवण:
केली. चमच्याच्या जागी १९ ग्रॅम लिहिलंय. वांग्याचंही टाकलंय, आचारीभाऊंच्या नावाने. आळशी शब्द ठेवलाय.

रात्रपाळी:
ठेवा. भांडी कोण घासतं तेही टाका.

साधंजेवण:
बघतो.